दोन रिंगांचा होकार

हॅलो... हॅलो! हां, येतंय ना ऐकू? मी बोलतोय.

"मी म्हणजे कोण?" विचारा, खुशाल विचारा. जन्मभर माझ्या तोंडाशी तोंड आणून लोकांनी हाच खेळ केला. नाव सांगायचं नाही, नुसतं "मी बोलतोय" म्हणायचं आणि पलीकडच्याने आवाजावरून ओळखायचं. हजारो माणसं माझ्यातून "मी बोलतोय" म्हणून गेली, पण त्यातला मी एकदाही मी नव्हतो. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगायला बसलोय, तेव्हा मध्येच ठेवून देऊ नका. मी रत्नागिरीतल्या कुसुमताईंच्या एसटीडी बूथचा फोन.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच दिवशी एकाच पट्ट्यावरून आम्ही शेकडो भावंडं खाली उतरलो, सगळी लालचुटूक, सगळी बटणांची. कोणी साहेबाच्या टेबलावर गेलं, कोणी डॉक्टरच्या दवाखान्यात. माझ्या कपाळी पेटी आली.

१९९८ साली मी रत्नागिरीत आलो. कोकण रेल्वे नवी होती आणि ज्याच्या त्याच्या तोंडी गाडीच्या वेळा होत्या. एसटी स्टँडमागच्या गल्लीत दत्तात्रेय अण्णांचं घर, घरापुढे चिऱ्याच्या दगडांचा बुटका गडगा आणि गडग्याला लागून रस्त्याकडे तोंड केलेला एक गाळा. त्या गाळ्यात कुसुमताईंच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. यजमान अचानक गेले. पदरात शाळकरी अवनी. ताईंनी दुरुस्तीला आलेली घड्याळं ज्याची त्याला परत केली, डोळे पुसले आणि गाळ्यात मला आणून बसवलं.

बसवलं कसलं, डांबलं! दोन बाजूंना काच, मागे भिंत, पुढे प्लायचं दार, एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही. कोणी पळवून नेऊ नये म्हणून मला फळीवर लोखंडी पट्टीने आवळलं. पाठीला एक वायर. तिच्यातून मी मुंबई, पुणे, दुबई, कुठे कुठे जाऊन यायचो, पण माझा देह कायम त्या फळीवर. समोर मीटरचे लाल आकडे पळत असायचे आणि माणसाचा जीव माझ्यापेक्षा त्या आकड्यांत जास्त असायचा.

माणसांच्या एकेक तऱ्हा! गाव जितकं लांब तितका आवाज मोठा. संगमेश्वरशी बोलणारा हळू बोलायचा, दुबईशी बोलणारा असा ओरडायचा की फोन नसता तरी पलीकडे पोचला असता. भांडणारा माणूस दाराकडे तोंड करून भांडायचा, रडणारा भिंतीकडे वळायचा. भिंतीवर नखांनी काढलेल्या रेघा अजून आहेत. निरोप महत्त्वाचा असला की माणसं आधी पाऊसपाणी, आंबे, मग सर्दीखोकला विचारणार आणि "बरं, ठेवतो" म्हणताना कळीची गोष्ट सांगणार. मला तेव्हा असा राग यायचा म्हणून सांगू! पण मी काय करणार, मी मधला. मधल्याने बोलायचं नसतं.

आता आमच्याकडची खास गंमत ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर घडलं. आमच्याकडची निम्मी पुरुषमाणसं मुंबईत. गाडीने गेला की घरचे काळजीत, आणि नुसतं "पोचलो" एवढं सांगायला एसटीडीचा खर्च कशाला? म्हणून रिवाज पडला होता. पोचलेल्याने आमचा नंबर लावायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. इकडे उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे पोचलो, सुखरूप आहे. तिसरी रिंग झाली तर समजायचं की काहीतरी बोलायचंय, आणि बहुतेक वेळा ते चांगलं नसायचं.

कोणाच्या रिंगा कधी यायच्या हे कुसुमताईंना बरोबर ठाऊक. गाडीची वेळ बघायच्या, रिंगा मोजायच्या आणि गाळ्याच्या पायरीवरूनच हाक मारायच्या, "तुळसा, पोचला गो तुझा नवरा!" तुळसा ही संगमेश्वरकडची. गाळ्याच्या पायरीशी टोपली मांडून भाजी विकायची. तिचा नवरा रघू दादरच्या एका खानावळीत कामाला होता. ताईंची हाक आली की ती हात जोडायची. मला नव्हे, आकाशाला. वाजायचो मी आणि नमस्कार देवाला! असो.

अवनी कॉलेजात गेली. कॉमर्स घेतलं. संध्याकाळी काउंटरवर बसून मोठमोठ्याने वाचायची, म्हणून तिच्याबरोबर माझंही शिक्षण झालं. दुसऱ्या वर्षाला तिला करारांचा कायदा होता. "प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, मुक्त संमती, पात्रता..." जपमाळ ओढल्यासारखी घोकायची.

"प्रतिफल म्हणजे काय गो?" ताईंनी एकदा वाती वळता वळता विचारलं.

"म्हणजे तू मला काही द्यायचं, त्याच्या बदल्यात मी तुला काही द्यायचं. एकाच बाजूने दिलं तर तो करार नाही, ती भेट."

"म्हणजे तुझं-माझं काय, भेटच म्हणायची. मी रांधते, तू गिळतेस."

अवनी हसून लोळायची. पण पोरगी हुशार. उदाहरणं इथलीच द्यायची. दुकानात कैऱ्या मांडल्या म्हणजे विकायचा प्रस्ताव झाला असं नव्हे, ते नुसतं या म्हणणं. गिऱ्हाईक भाव बोलतं तो प्रस्ताव, दुकानदार हो म्हणतो ती स्वीकृती. स्वीकृती कशी कळवायची ते ठरलं असेल तर तश्शीच कळवली पाहिजे. ती प्रस्ताव करणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे. आणि गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं नव्हे.

"वा! आमचे अण्णा तर म्हणतात, मौन म्हणजे संमती," ताई म्हणाल्या.

"ते लग्न ठरवताना गो आई. कायद्यात नाही."

अण्णा म्हणजे गाळ्याचे मालक. निवृत्त शिक्षक, बायको केव्हाच वारलेली, मुलगा शार्दूल डोंबिवलीला. जिभेवर संस्कृत आणि हात आखडता. चहाची पावडर दोनदा उकळणारे, पण शब्दाला पक्के. ताईंच्या यजमानांना त्यांनी गाळा दिला तो तोंडी, आणि पुढे ताईंनाही कधी "आता काय?" म्हणून विचारलं नाही.

२००२चा शिमगा झाला आणि शार्दूलने हट्ट धरला, "बाबा, आता एकटं राहायचं नाही." अण्णांचे गुडघे गेले होते. डोंबिवलीला जायचं ठरलं, ते कायमचं. ताईंना रात्रंदिवस एकच प्रश्न. घराला कुलूप लागलं की गाळ्याचं काय? मोबाईलची दुकानं तेव्हा नुकतीच डोकं वर काढत होती आणि स्टँडजवळचा गाळा कोणीही उचलला असता. गाळा गेला तर बूथ गेला, बूथ गेला तर चूल.

अण्णा निघायच्या आदल्या दिवशी काउंटरशी येऊन बसले. ताईंनी धीर करून विचारलं, "अण्णा, एक बोलू? तुम्ही आहात तोवर गाळा माझ्याकडेच राहू दे. तुमचं घर मी सांभाळते. झाडलोट करीन, आंब्याच्या कलमांना पाणी घालीन, कौलं फुटली तर बघीन आणि रोज तिन्हीसांजेला तुमच्या देवांपुढे दिवा लावीन. घर अंधारात नाही राहणार."

म्हाताऱ्याने मागे वळून घराकडे पाहिलं. घरातला दिवा हा त्याचा हळवा कोपरा होता. मग घसा खाकरून म्हणाला, "मला मान्य आहे गो. पण शार्दूलला विचारल्याशिवाय शब्द देणं बरं नाही. शनिवारी त्याला सुट्टी असते, बोलतो. होकार ठरला की दोन रिंगा देईन. नकार असला तर वाजतच ठेवीन, मग उचल."

"अण्णा, एवढ्याशा होकारालाही रिंगाच?" अवनी म्हणाली.

"होकाराला पैसे कशाला मोजायचे?" अण्णा म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

अवनीने पुस्तकावर बोट ठेवलं. "प्रस्ताव आईचा. प्रतिफल, घराची देखभाल आणि दिवा. स्वीकृतीची रीत, दोन रिंगा. सगळं बसलं की हो!" तिला मजा वाटत होती. मला नव्हती वाटत. एवढ्या मोठ्या गोष्टीचा होकार माझ्या घंटेवर टांगून म्हातारा निघाला होता.

अण्णा गेले. शिमग्याला आलेला रघू दोन दिवस मागे राहिला आणि शुक्रवारी रात्रीच्या गाडीने दादरला निघाला. तिथेच सगळा घोळ झाला.

शनिवारी सकाळपासून बूथवर गर्दी. एक उतरला की दुसरा चढतोय. दुपारी जरा उसंत मिळाली आणि मी वाजलो. एक. दोन. बंद.

ताईंच्या हातातला पेला खाली पडला. "अवनी, आल्या गो! अण्णांच्या रिंगा आल्या!" देवापुढे साखर ठेवली, मलाही चिमूटभर हळदकुंकू लावलं. जन्मात पहिल्यांदाच कोणी मला हळदकुंकू लावलं, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

संध्याकाळी तुळसा टोपली आवरताना म्हणाली, "ताय, ह्येंच्या रिंगा न्हाय आल्या व्हय? काल रातच्या गाडीनं गेलंत. माजा जीव ऱ्हात न्हाय."

ताई जागच्या जागी थिजल्या. रघूच्याही रिंगा शनिवारीच यायच्या होत्या. आल्या होत्या एकच जोडी. ती कोणाची?

मला विचाराल तर मलाही ठाऊक नाही. माणूस उचलतो तेव्हा आवाज माझ्यात येतो. नुसती रिंग आली तर ती कोणाच्या बोटाने आली ते मला कुठून कळणार? आणि मी दुसऱ्याशी बोलत असताना दारात कोण येऊन गेलं तेही मला कधी समजत नाही. सकाळच्या गर्दीत अण्णांनी नंबर लावला असेल आणि एंगेज लागला असेल, तर तो होकार वाऱ्यावर गेला. ज्याच्या पोटात सगळ्यांची गुपितं, त्यालाच नेमकं हे ठाऊक नाही!

ताईंनी तुळसाला "आल्या" म्हणून टाकलं असतं तर? पण तिचं रडवेलं तोंड बघून त्यांना राहवेना. "लाव गो खानावळीला फोन. मीटरकडे बघू नकोस," म्हणाल्या. तुळसाने फोन लावला. पलीकडून रघू ओरडला, "दुपारी दिल्या की दोन रिंगा! मिळाल्या न्हाईत?"

तुळसा हसत बाहेर आली आणि ताई खुर्चीत बसल्या. म्हणजे अण्णांच्या नव्हेतच.

"आई, आता अण्णांना फोन करून विचार ना," अवनी म्हणाली.

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही. पण कळेल तरी."

"नको. नकाराची रिंगही आलेली नाही अजून. राहू दे असंच."

तर अशी माझी ताई अडकली. होकार नाही, नकार नाही. डोंबिवलीचा नंबर काउंटरवरच्या काचेखाली होता, दहा बटणं दाबायचा अवकाश, पण तिचा हात पुढे होईना. मी वाजलो की दचकायची. दोन रिंगांवर थांबलो तर अंदाज बांधायची, तिसरी झाली की देवाचं नाव घेऊन उचलायची आणि निघायचं भलतंच कोणीतरी. मी लोखंडी पट्टीत आवळलेला, ती माझ्यात आवळलेली. पण रोज तिन्हीसांजेला घराची किल्ली घेऊन मागे जायची, झाडायची, कलमांना पाणी घालायची आणि दिवा लावून यायची.

"करार झालेला नसताना तू आपली बाजू पाळतेस," अवनी चिडायची.

"देवाने कुठे करार केलाय? त्याला अंधारात का ठेवू?" ताई म्हणायच्या. पण आवाज रडका असायचा.

मे महिन्यात, आंब्याच्या ऐन धामधुमीत, एका दुपारी शार्दूल आला. बरोबर मोबाईलच्या दुकानाचा एक माणूस, टाय लावलेला. त्याने गाळ्याची लांबीरुंदी टेपने मोजली आणि जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं की आजोबा, आता पुरे. मला झोंबलं.

तो गेल्यावर शार्दूल म्हणाला, "कुसुमताई, वाईट वाटून घेऊ नका. पावसाच्या आधी गाळा मोकळा करून द्या."

"अण्णा काय म्हणाले?" ताईंनी विचारलं.

शार्दूलने मान खाली घातली. "बाबांना बोलता येत नाही, ताई. इथून आले त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आम्ही कोणालाच कळवलं नाही. कळवायला तोंड तरी कुठे होतं? रात्रंदिवस माणूस लागतं. मी काही मजा म्हणून गाळा विकायला निघालेलो नाही."

ताईंनी तोंडाला पदर लावला. अवनीचे डोळे भरले. दोन महिने ज्या होकाराची वाट बघत होतो, तो म्हाताऱ्याच्या आतच अडकून पडला होता.

"ताई, एक सरळ विचारतो," शार्दूल म्हणाला. "बाबा निघायच्या आधी तुमचं गाळ्याचं काही बोलणं झालं होतं, हे मला माहीत आहे. त्यांनी होकार कळवला का तुम्हाला?"

बघा हं. ताईंनी नुसतं म्हणायचं होतं, "हो, शनिवारी दोन रिंगा आल्या." रिंगा आल्याच होत्या! शब्दाला शब्द खरा. अण्णा खोडून काढू शकत नव्हते. मी तर मुकाच. मी मनात म्हटलं, म्हण ताई, म्हणून टाक, पोरीकडे बघ, चुलीकडे बघ.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रिंगा आल्या होत्या रे. पण त्या रघूच्या. अण्णांच्या नाही आल्या."

"मग झालं," शार्दूल सुटल्यासारखा म्हणाला. "करार झालाच नाही."

"नाही झाला," अवनी म्हणाली. "पण प्रस्ताव परत करता येतो. अण्णांना ऐकू येतं ना?"

"ऐकू येतं. पण समजतं किती, देव जाणे. करारासाठी माणूस शुद्धीत हवा, एवढं मलाही कळतं."

"मग तेच बघू," ताई उठल्या. मीटरकडे न बघता त्यांनी स्वतः डोंबिवलीचा नंबर लावला.

पलीकडे शार्दूलची बायको मनस्वी होती. तिने अण्णांच्या कानाला रिसीव्हर लावला. मला त्यांचा श्वास ऐकू आला, जड, घशात अडकणारा. या कानांनी मी पुष्कळ ऐकलं, पण एवढा कोंडलेला श्वास नाही ऐकला.

"अण्णा, मी कुसुम बोलत्ये," ताई हळूच म्हणाल्या. कधी नव्हे ते एवढ्या लांबच्याशी कोणी हळू बोलत होतं. "घर झाडलंय. मागच्या कलमाला यंदा चांगला आंबा धरलाय. दिवा रोज लावत्ये, एकही दिवस चुकला नाही. अण्णा, तुम्ही आहात तोवर मी हे सगळं करीन आणि गाळा माझ्याकडे ठेवाल काय?"

"अं... अं..." एवढाच आवाज आला.

शार्दूलने हात हलवला. "ह्याचा काय अर्थ लावणार?"

"काहीच लावायचा नाही," ताई म्हणाल्या, आणि माझ्यात म्हणाल्या, "अण्णा, बोलू नका. आपलं ठरलंय तसंच करा. पटत असेल तर दोन रिंगा. नाही पटलं तर काही करू नका, मी रागावणार नाही. मी ठेवत्ये. मनस्वी, फोन त्यांच्या डाव्या हाताशी ठेव. त्यांचा हात धरू नकोस आणि नंबर सांगू नकोस. त्यांचं त्यांना करू दे."

ताईंनी मला ठेवलं आणि बूथचं दार लावून घेतलं. एक गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाल्या, "आज लाइन बंद आहे." ते माझ्याकडे बघत, कुरकुरत गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा दुसऱ्या कोणाचा नव्हतो. पायरीवर तुळसा होती आणि पेरणीच्या तयारीला गावी आलेला रघू तिच्या शेजारीच उभा होता. म्हणजे या वेळी त्याच्या रिंगांचा घोळ नव्हता.

वेळ सरेना. शार्दूल घड्याळ बघून म्हणाला, "ताई, तुम्हाला तरी काय वाटतं? त्यांना स्वतःचं नाव—"

मी वाजलो.

एक.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

दोन.

आणि थांबलो. तुम्हाला खोटं वाटेल, पण आपल्या आवाजाची मला एवढी धडकी कधी भरली नव्हती. तिसरी येते की काय, तिसरी येते की काय... नाही आली.

"रघू?" शार्दूलने वेड्यासारखं विचारलं.

"मी हितं हाय, साहेब," रघू म्हणाला.

शार्दूलने झडप घालून मला उचललं आणि घरी फोन लावला. मनस्वी हुंदके देत होती. "बाबांनी केला. एकट्याने केला हो. डाव्या बोटाने. दोनदा चुकले, परत पहिल्यापासून दाबला. आणि दुसरी रिंग झाली तशी हाताने टप्पकन बंद केला."

"नंबर पाठ होता, रीत पाठ होती, तिसरी रिंग होऊ दिली नाही," अवनी रडत रडत म्हणाली. "याहून शुद्धीत माणूस कसा असतो?"

शार्दूल काचेला टेकून उभा राहिला. रडणारी सगळी माणसं वळतात तसा भिंतीकडे वळला. "म्हणजे बाबांना सगळं कळतं," तो म्हणाला. "दोन महिने आम्ही त्यांच्यासमोर बोलतोय. 'गाळा विकू, घर विकू, आता कळतंय कुठे त्यांना.' त्यांच्या उशाशी बसून बोललो ताई. त्या शनिवारी बोलणं निघालं तेव्हाही मी नाहीच म्हणत होतो. 'मी होकार देणार,' म्हणाले, फोनकडे निघाले आणि वाटेतच कोसळले."

ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी आपला बघत राहिलो, मधल्याची रीतच ती.

पुढे अवनीने शार्दूलकडून सगळं रीतसर कागदावर आणवलं. "तोंडी करार खरा असतो, पण माणसं मरतात आणि फोन साक्षीला येत नाहीत," ती म्हणाली. खाली अण्णांचा डावा अंगठा. मोबाईलवाल्याने पुढच्या गल्लीत दुकान थाटलं. आणि एक नवाच नेम सुरू झाला. तिन्हीसांजेला ताई दिवा लावून गाळ्यात येऊन बसल्या की मी वाजायचो. एक, दोन, बंद. अण्णा. ताई उचलायच्या नाहीत, नुसत्या हात जोडायच्या. आपली बाजू म्हाताराही रोज पाळत होता, कोणी मागितलेलं नसताना.

अवनी बी.कॉम. झाली, मग वकिलीला गेली. माझ्याकडे येणारी माणसं हळूहळू कमी झाली. रघूनेही मोबाईल घेतला. रस्त्यातून चालता चालता बोलतात आता, रडायला भिंतसुद्धा नको. माझ्या काचेवर धूळ बसू लागली, पण तिन्हीसांजेच्या दोन रिंगा चुकल्या नाहीत.

२००६च्या पावसाळ्यात एका तिन्हीसांजेला ताई दिवा लावून आल्या. मी वाजलो. एक. दोन. ताईंनी हात जोडले.

तिसरी रिंग झाली.

ताई जोडलेले हात तसेच धरून बघत राहिल्या. चौथी झाली, पाचवी झाली. मला थांबता येत असतं तर मी थांबलो असतो हो. शेवटी त्यांनी उचललं.

"ताई, बाबा गेले," शार्दूल म्हणाला.

अण्णा आहेत तोवर, असं ठरलं होतं. अण्णा गेले, करार संपला. हे ताईंनाही कळत होतं, मलाही आणि शार्दूललाही.

मग त्याने विचारलं, "दिवा लावलात?"

"लावला."

"उद्याही लावाल?"

पाऊस कौलांवर वाजत होता. ताईंनी डोळे पुसले.

"लावीन," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर," शार्दूल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आता बूथ राहिला नाही. ताई गाळ्यात कोकम, फणसाची साठं, मेतकूट विकतात. माझी वायर केव्हाच कापली. वाटलं होतं वायर तुटली की सुटू, पण ती लोखंडी पट्टी काढायचं कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आता मलाही फारसं वाटत नाही. अवनी कॉलेजात कायदा शिकवते. कधी पोरांना इथे घेऊन येते, माझ्यावर बोट ठेवून स्वीकृती म्हणजे काय ते सांगते. पोरं हसतात. हसू देत. मी वाजू शकत नाही, नाहीतर दाखवलं असतं.

तुमच्यापाशी कोणासाठी होकार ठेवलेला असेल, तर तो देऊन टाका. शनिवारवर टाकू नका, दुसऱ्याच्या घंटेवर टांगू नका. मी एक होकार म्हाताऱ्याच्या घशात कोंडलेला ऐकलाय, पुन्हा ऐकायची ताकद माझ्यात नाही.

बघा, तिन्हीसांज झाली. ताई किल्ली घेऊन निघाल्या. बरं, ठेवतो.